बहात्तरच्या शेव्हर्लेत नवा बाक

जुन्या अमेरिकन पिकअपमध्ये नवं सीट बसवलं असं सांगितलं की लोक आधी रेक्झिनचा रंग विचारतात आणि मग खर्च. माझ्या मते पहिला प्रश्न सीटबेल्टचा हवा. तो पट्टा कशाला बांधलाय, आणि ज्याला बांधलाय ते ओढ सोसेल का? मोटारींच्या सीटांचा आराखडा करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यातून जातच नाही. आमच्या १९७२ च्या शेव्हर्ले सी-१० मध्ये नवा बाक बसवताना बाकी सगळं याच प्रश्नाच्या मागून ठरत गेलं.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात (शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे), त्यामुळे इथल्या जुन्या गाड्यांचा पत्रा खालून खाल्लेला असतो. म्हणून आमचा ट्रक न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेतून आणलेला. रंग उन्हाने उडालेला, पण खालचा पत्रा शाबूत. ही बांधणी १९६७ ते १९७२ या काळातली. शेवटच्या वर्षाचा ट्रक आतल्या आरशावरून ओळखता येतो. आधी तो छताला बसवलेला असे, १९७२ मध्ये समोरच्या काचेला चिकटवला. इंजिन सहा सिलिंडरचं, २५० घनइंचांचं. गिअर तीन, आणि त्यांचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवर.

त्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आले होते. दार उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "अगं, ही तर आपली अँबॅसिडर!" अँबॅसिडरचा आणि पद्मिनीचा दांडाही तिथेच असायचा आणि पुढे सलग बाक असायचा. दांडा जमिनीवरून वर गेला की मध्ये तिसऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा होते. ही तिसरी जागा मला सोडायची नव्हती. नाहीतर दोन सुट्या सीटा बसवून मोकळं होता आलं असतं, पुष्कळ लोक तसं करतातही. पण मग कॉलमवरच्या दांड्याला अर्थ काय उरला?

जुन्या बाकाबद्दल मला आदर आहे. तारेच्या स्प्रिंगा, वर पोत्यासारखं जाड कापड, त्यावर गादी आणि रेक्झिन, इतक्यावर त्याने पन्नास वर्षं माणसं वाहिली. पण स्प्रिंगा चालकाच्या बाजूला बसल्या होत्या आणि लांबच्या प्रवासात नवऱ्याची कंबर धरायची. दुसरी अडचण मला रोज जाणवायची. हा बाक पुढे-मागे सरकतो तो सगळा एकदम. मी सव्वापाच फुटांच्या आतली. क्लच तळापर्यंत दाबायचा तर मला बाक अगदी पुढे ओढावा लागतो, आणि शेजारी बसलेल्या सहा फुटी नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. त्याने चालवायला घेतलं की मी आणि मुलगी मागे ढकलल्या जातो.

तिसरी अडचण दिसत नाही, पण मला तीच सगळ्यात मोठी वाटत होती. या बाकाला डोकं टेकायला काही नाही. अमेरिकेत मोटारींना हेडरेस्ट १९६९ पासून सक्तीचे झाले, पण हलक्या ट्रकांना ती सक्ती १९९१ मध्ये आली. आमच्या ट्रकात डोक्यामागे थेट काच. मागून कुणी धडकलं तर मान उलटी जाणार आणि डोकं काचेवर. पट्टे होते ते फक्त कमरेचे.

बाकाच्या पाठीमागे पेट्रोलची टाकी. हो, कॅबच्या, म्हणजे माणसं बसतात त्या केबिनच्या आतच. या काळातल्या शेव्हर्ले पिकअपांमध्ये वीस गॅलनच्या आसपासची, म्हणजे साधारण ७५ लिटरची टाकी सीटच्या पाठीला लागून उभी असते आणि तिचं तोंड चालकाच्या दारामागे बाहेर निघतं. उन्हात गाडी उभी राहिली की आत वास येतो. टाकी तिथे असेपर्यंत नव्या सीटला पाठ कलवायला जागाच नाही. म्हणून सीट बदलायचं काम टाकी हलवण्यापासून सुरू करावं लागतं.

सीट कुठलं घ्यायचं याबद्दल या ट्रकवाल्यांमध्ये बऱ्यापैकी एकमत आहे. शेव्हर्लेच्याच नव्या पिकअपचं, म्हणजे १९९९ ते २००६ मधल्या सिल्व्हराडोचं पुढचं सीट, ज्याला इथे चाळीस-वीस-चाळीस म्हणतात. दोन्ही कडेच्या जागा रुंदीच्या चाळीस-चाळीस टक्के आणि मधली वीस टक्के. मधल्या भागाची पाठ पुढे दुमडली की हात टेकायला होते, उभी केली की तिसरा माणूस बसतो. कडेच्या दोन्ही जागा आपापल्या सरकतात, म्हणजे माझा आणि नवऱ्याचा प्रश्न तिथेच सुटला. रुंदीही आमच्या कॅबच्या दोन दारांमध्ये जेमतेम मावते. हेडरेस्ट आहेतच.

पण ते सीट दोन प्रकारात मिळतं आणि हा फरक फार कमी लोक लक्षात घेतात. लांब कॅबच्या सिल्व्हराडोला मागचं छोटं दार उलट्या बाजूने उघडतं, दोन दारांमध्ये खांब नसतो. खांबच नाही तर खांद्याचा पट्टा बांधायचा कशाला? म्हणून तो सीटच्या पाठीतूनच बाहेर येतो. आखूड कॅबच्या ट्रकात मात्र पट्टा दारामागच्या खांबाला असतो आणि सीट नुसतं सीट असतं. जुन्या ट्रकवाल्यांना पहिला प्रकार मोहात पाडतो. सीट बसवलं की खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा, तीन बिंदूंचा पट्टा आपोआप आला! भंगारच्या यार्डात मीही दोन्ही सीटा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. पट्टेवालं सीट चांगलंच जड आहे, कारण त्याच्या पाठीच्या आतला सांगाडा पट्ट्याची ओढ घेण्यासाठी बांधलेला आहे.

ही ओढ केवढी, ते सांगते. पट्ट्यांच्या आधारांसाठी अमेरिकेचा जो नियम आहे, त्यात खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याला एकाच वेळी प्रत्येकी ३००० पौंड, म्हणजे साधारण १३६० किलोंची ओढ देऊन पाहतात. नुसता कमरेचा पट्टा असेल तर ५००० पौंड. शिवाय सीटला स्वतःच्या वजनाच्या २० पट ओढ सोसावी लागते. आता खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीतून येत असेल तर त्याची १३६० किलोंची ओढ जमिनीपासून सुमारे पाऊण मीटर उंचीवर लागते. सीटच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ही एक तरफ झाली. पुढचे पाय जमिनीत रुततात आणि मागचे पाय ओढीच्या जवळजवळ दुप्पट जोराने वर उपटले जातात. सिल्व्हराडोच्या जमिनीत त्या पायांखाली त्यासाठीच आडव्या पोलादी पट्ट्या आहेत. आमच्या ट्रकच्या जमिनीचा पत्रा एक-सव्वा मिलिमीटरचा, आणि त्याच्याकडून असल्या कामाची अपेक्षा कुणी कधी केलेली नव्हती.

बाबा दापोडीच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झालेले. बसच्या बॉडीच्या कामात आयुष्य गेलं. मी कागदावर हे गणित मांडत होते तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते पाहिलं आणि विचारलं, "बोल्ट पत्र्यातून जाणार की गाडीच्या सांगाड्यातून?" मी म्हटलं, "बाबा, पट्टेवालं सीट घेतलं तर सांगाड्यातूनच न्यावा लागेल. कॅब उचलून खाली आडवे चॅनल घालावे लागतील." ते म्हणाले, "मग दुसरं घे. पत्र्याच्या भरवशावर माणूस बांधू नये."

तेच केलं. आखूड कॅबचं, बिनपट्ट्याचं सीट घेतलं. पट्टे ट्रकच्या अंगाला बांधायचे ठरवले. यार्डात सीट काढताना दोन गोष्टी पाहिल्या. गाडीला अपघात झालेला नाही ना, कारण धडकेत वाकलेली सरकपट्टी वरून सरळ दिसते. आणि सीटखालून पिवळ्या रंगाचा कनेक्टर येत नाही ना, कारण पिवळा रंग एअरबॅगच्या वायरिंगचा. असलं सीट अशा कामाला घेऊच नये. मोटरवर सरकणारं सीटही होतं. त्याला फ्यूजसह वेगळी जाड वायर ओढली की भागतं, पण मी हाताने सरकवायचंच घेतलं. वजन कमी, आणि बिघडायला काही नाही.

टाकीचं काम आम्ही सगळ्यात आधी केलं. पेट्रोल काढून घेतलं, टाकी बाहेर काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि कॅबची दारं उघडी ठेवून हवा खेळू दिली. हे इतकं सांगायचं कारण एवढंच की पुढे त्याच कॅबमध्ये ग्राइंडर आणि वेल्डिंग चालायचं असतं. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. टाकी आत ठेवून, वर ओलं पोतं टाकून ठिणग्या उडवणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचं काळीज कळत नाही.

नवी टाकी मागे, जिथे सुटं चाक लटकायचं तिथे, चॅसीच्या दोन दांड्यांच्या मध्ये बसवली. १९७३ पासून शेव्हर्लेने स्वतःही टाकी कॅबमधून बाहेर काढली, पण ती दांड्यांच्या बाहेरच्या बाजूला लावली, आणि बाजूने धडक बसल्यावर लागणाऱ्या आगींवरून पुढे मोठा वाद झाला. म्हणून दांड्यांच्या आतली जागा मला जास्त पटली. टाकीतला तरंगता मापक शून्य ते नव्वद ओहमचाच घेतला. या काळातल्या शेव्हर्लेचा पेट्रोल दाखवणारा काटा त्याच मापाचा आहे. दुसऱ्या कंपनीचा मापक लावला तर काटा भलतंच दाखवतो. जुन्या तोंडाचं झाकण चालकाच्या दारामागे तसंच ठेवलं, आतून भोक बंद केलं. ट्रकचा चेहरा बदलायला नको. कॅबमध्ये मात्र सीटच्या मागे वीतभर जागा मोकळी झाली. पाठ कलू लागली आणि शिवाय जॅक, पाने आणि ताडपत्री ठेवायची सोय झाली.

आता उंची. सीट नुसतं आत ठेवून बसले तर मांड्या स्टिअरिंगला लागल्या आणि नवऱ्याचं डोकं छताला. जुन्या ट्रकांचं स्टिअरिंग मोठ्या व्यासाचं असतं, कारण पॉवर स्टिअरिंग नसताना वळवायला तेवढी पकड लागते. नव्या सीटची गादी मात्र जाड. त्यात सिल्व्हराडोची जमीन वेगळ्या उताराची, त्यामुळे सीटचे पुढचे आणि मागचे पाय एका उंचीचे नाहीत. इथे बहुतेक लोक पाय कापतात. मीही कापले, पण मापं घेतल्यावर.

आमच्या कामात सगळी मापं एका बिंदूपासून घेतात, त्याला एच-पॉइंट म्हणतात: बसलेल्या माणसाचा खुब्याचा सांधा जिथे येतो ती जागा. पेडल, स्टिअरिंग, छत, काचेची कड, पट्ट्याचा कोन, सगळ्यांचं अंतर त्या बिंदूपासून. कारखान्यात त्यासाठी वजनदार पुतळा असतो. घरी मी नवऱ्यालाच बसवलं, कमरेला पट्टी लावून खुब्याची जागा खडूने दारावर उतरवली. आधी जुन्या बाकावर, मग नव्या सीटवर, खाली लाकडी ठोकळे सरकवत. मग मी स्वतः बसले, मग मुलगी, कारण पुढच्या वर्षी तीही चालवायला शिकणार. शेवटी जी उंची तिघांनाही चालली ती जुन्या बाकापेक्षा किंचित खाली होती. तिथे डोळे काचेच्या मध्यावर येतात, क्लच तळाला जातो आणि मांडी व स्टिअरिंग यांच्यामध्ये सपाट हात सरकतो. फक्त नजरेने ठरवलेली उंची वीस मिनिटांच्या फेरीत बरी वाटते आणि तीन तासांनी गुडघा बोलायला लागतो.

खाली दोन आडवे बॉक्स पाइप घातले, दारापासून दारापर्यंत, एक पुढच्या पायांखाली आणि एक मागच्या. सीटचे कापलेले पाय त्यांच्यावर बसतात आणि पाइप जमिनीला. फायदा असा की ओढ चार ठिकाणी एकवटत नाही, रुंदीभर वाटली जाते. वेल्डिंग शेजारच्या निवृत्त वेल्डरकडून करून घेतलं. मला टाका मारता येतो, पण ज्यावर माणूस बसणार तो जोड ज्याचं आयुष्य त्यात गेलं त्याच्याच हातचा असावा. सीटच्या मूळ सांगाड्याला कुठेही टाका घातला नाही. उष्णतेने त्या पत्र्याची ताकद जाते.

जमिनीला भोकं पाडण्याआधी बाबा गाडीखाली झोपले. या वयात नको म्हटलं तर ऐकेनात. खालून टॉर्चने पाहत ओरडून सांगत होते, "इथे ब्रेकची नळी आहे, दोन बोटं सरक." कॅबच्या जमिनीच्या पत्र्याला पन्हळी आहेत, त्याने पत्रा कडक होतो, पण त्याच पन्हळींवर सपाट पट्टी टेकत नाही. नुसता वायसर लावला तर धडकेत बोल्ट वायसरसकट पत्र्यातून ओढून निघेल. म्हणून प्रत्येक बोल्टखाली तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पोलादी पट्टी दिली, कोपरे गोल केलेले. टोकदार कोपरा ताणाखाली पत्रा कापतो. पन्हळीच्या खोलगट भागात आधी पट्टीचे तुकडे भरले, मग वरून मोठी पट्टी. हे काम सगळ्यात कंटाळवाणं होतं आणि बाबांनी ते कुणाला करू दिलं नाही. पट्ट्या घासून, रंगवून, सीलंट लावून त्यांनीच बसवल्या. सीटचे बोल्ट मेट्रिक, ट्रकचे आटे इंचाचे, त्यामुळे पान्यांचे दोन्ही संच शेवटपर्यंत उघडे होते.

पट्ट्यांसाठी अमेरिकन गाड्यांत सात-सोळांश इंचाचा, बारीक आट्यांचा कडक बोल्ट वापरतात. दारामागच्या खांबात आतून जाड पट्टी वेल्ड करून त्यात त्याच मापाचा नट दिला. खांद्याचा बिंदू बसलेल्याच्या खांद्याच्या किंचित वर हवा. खाली गेला तर पट्टा धडकेत पाठीचा कणा दाबतो. कमरेच्या पट्ट्याचा कोन जमिनीशी ३० ते ७५ अंशांत हवा असं नियम सांगतो, मी पन्नासच्या आसपास ठेवला. पट्टा फार आडवा असला तर माणूस त्याच्याखालून पुढे सरकतो आणि पट्टा हाडावरून निसटून पोटावर येतो. पट्टा गुंडाळणारी चकरीही तिच्या ठरलेल्या कोनातच लावावी लागते. तिच्या आत एक छोटं वजन असतं, गाडी झटक्यात थांबली की ते कलतं आणि पट्टा अडकवतं. चकरी तिरकी बसवली तर ते आधीच कललेलं राहतं आणि पट्टा बाहेरच येत नाही.

मधल्या जागेला कमरेचाच पट्टा आहे. खांद्याचा बांधायला मागे काचेशिवाय काही नाही. म्हणून मधली जागा गावातल्या गावात, दुकानापर्यंत किंवा आइस्क्रीमपर्यंत. महामार्गावर आम्ही दोघंच जातो, तिघं असू तर दुसरी गाडी काढतो. मुलीला हे आवडत नाही, पण ते बदलणार नाही. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची ठराविक काळाने तपासणी होत नाही. यातला एकही बोल्ट कुणी सरकारी माणूस पाहायला येणार नाही, त्यामुळे तो आपणच पाहायचा.

रेक्झिनचं सांगायचं राहिलं. सिल्व्हराडोचं राखाडी कापड त्या कॅबमध्ये परकं दिसत होतं. खोळ उतरवून कुशनवाल्याकडे दिली. त्याने तिच्या शिवणी उसवून नमुना काढला आणि जुन्या बाकासारख्याच उभ्या पट्ट्या टाकून गुळाच्या रंगाच्या रेक्झिनमध्ये शिवली. हेडरेस्टही त्याच रेक्झिनचे. दारातून पाहिलं तर पुष्कळांना सीट मूळचंच वाटतं, हेडरेस्ट दिसेपर्यंत. ते थोडी मागची काच अडवतात. बाहेरचे आरसे मोठे लावून घेतले.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, १९९५ पासून. तिथे चालकाच्या जागी मी होते, शेजारी बाबा. त्यांचं सीट पूर्ण मागे, माझं पुढे. रांगेत तासन् तास क्लच दाबूनही पाय दुखला नाही. त्यानंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. नव्या रंगाचा थर दबतो आणि थोडी ढिलाई येते, म्हणून हे एकदा करावंच लागतं. दोन बोल्ट पाव फेरा फिरले.

मेळ्यात एका मैत्रिणीने तिच्या १९५४ च्या शेव्हर्लेसाठी हेच सीट मागितलं. तिची कॅब अरुंद आहे, हे दारांत अडकेल. तिला मिनिव्हॅनचं मागचं बाकडं सुचवलंय. ते रुंदीला लहान असतं आणि यार्डात स्वस्त मिळतं. टाकी तिच्याही ट्रकात सीटमागेच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. पट्ट्यांची मापं घ्यायला मी जाणार आहे, आणि बाबांनी पुण्याहून फोनवर बजावलंय की पट्टीचे कोपरे गोल करायला विसरू नका.